दिवाळीत आई-वडील आणि मुलांना घेऊन गाडीने कमी गर्दीची ठिकाणे पाहायची असतील, तर आखणी कशी करावी?

आपण विचारले आहे की दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून स्वतःच्या गाडीने चार दिवस बाहेर पडायचे आहे, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि शाळकरी मुले आहेत, महाबळेश्वर-अलिबागची गर्दी नको आहे आणि भाऊबीजेला बार्शीला बहिणीकडे पोहोचायचे आहे. बार्शीचा उल्लेख आपण शेवटी, जाता जाता केला आहे. माझ्या मते मात्र सगळी आखणी तिथूनच सुरू व्हायला हवी. एरवीच्या सहलीत आधी ठिकाणे ठरतात आणि मग दिवस बसवले जातात. सणाच्या सहलीत कोणत्या दिवशी रस्ता मोकळा असेल, कोणत्या दिवशी जेवण मिळेल आणि कोणत्या दिवशी कोणाच्या दारात उभे राहायचे आहे हे आधी पाहावे लागते, आणि त्यात जी ठिकाणे बसतील तीच घ्यावी लागतात. माझे माहेर सोलापूरचे असल्यामुळे हा पट्टा मला दिवाळीतच अधिक ठाऊक आहे, आणि आपल्या सुदैवाने बार्शीच्या आजूबाजूला पाहण्यासारखे इतके आहे की दुसरीकडे कुठे जाण्याची गरजच नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळपासून पुण्याबाहेर पडणारे रस्ते गावी निघालेल्यांनी भरून जातात आणि हडपसर ओलांडून लोणी काळभोरपर्यंत पोहोचतानाच मुले कंटाळतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माणसे आपापल्या घरी असतात आणि पाडव्याच्या पहाटे सोलापूर रस्ता वर्षातून क्वचितच असतो तितका मोकळा मिळतो. म्हणून लक्ष्मीपूजन घरीच करावे, रात्री सामान गाडीत भरून ठेवावे आणि पाडव्याला पहाटे पाचला निघावे. पाडव्याचे औक्षण सोलापूरच्या मुक्कामी संध्याकाळी करता येते; ताम्हण, निरांजन आणि तेलाची छोटी बाटली पिशवीत असली म्हणजे झाले. फटाके मात्र गाडीत घेऊ नयेत, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. बंद डिकीत, उन्हात, इंधनाच्या टाकीजवळ स्फोटक सामान ठेवून प्रवास करणे धोक्याचे आहे.

पाडव्याच्या दिवसाचा दुसरा पैलू असा की त्या दिवशी बरेच ढाबे बंद असतात. आचारी आणि वाढपी गावी गेलेले असतात, पंक्चर काढणारा दुकानाला कुलूप लावून सासुरवाडीला गेलेला असतो आणि लहान गावांतली एटीएम सणाच्या आधीच रिकामी झालेली असतात. पेट्रोल पंप चालू असतात, तरीही आपली गाडी सीएनजीवर असेल तर महामार्ग सोडण्यापूर्वी पेट्रोलची टाकी भरून घ्यावी. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक जागेवर आहे का हे निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावे. पहिल्या दिवसाचे जेवण घरूनच न्यावे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फराळाचा डबा एवढे असले तरी दुपारपर्यंतची चिंता मिटते. फराळाचा एक डबा वेगळा ठेवावा. आडबाजूच्या देवळांची किल्ली गुरवाकडे किंवा शेजारच्या घरी असते, आणि सणाच्या दिवशी त्या माणसाला घरातून उठवून आणायचे तर हातात चार लाडू असलेले बरे.

मुक्काम दोनच ठेवावेत, एक सोलापुरात आणि बाकीचा बार्शीला बहिणीकडे. वडीलधारी माणसे सोबत असताना रोज नवी खोली, नवा जिना आणि नवे स्वच्छतागृह हा त्रास टाळण्यासारखा आहे. सोलापुरात तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली, कमोडची सोय असलेली खोली फोन करून पक्की करावी, आणि पाडव्याच्या रात्री त्यांचे स्वयंपाकघर चालू राहील का हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

पुणे ते सोलापूर अंतर सुमारे 250 किलोमीटर आहे. वाटेत दोनदा थांबूनही अकराच्या सुमारास आपण पोहोचाल. थोडी विश्रांती घेऊन दुपारी हत्तरसंग कुडलला जावे. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर हे ठिकाण आहे. इथल्या संगमेश्वर मंदिरातला शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाची त्याची शेवटची ओळ आहे. मुलांना ती ओळ शोधायला लावावी, त्यात अर्धा तास सहज जातो. शेजारचे हरिहरेश्वर मंदिर मातीखाली गाडले गेले होते. ते उत्खननातून मोकळे केले गेले आणि त्यातूनच साडेतीनशेहून अधिक लहान लहान मुखे कोरलेले शिवलिंग बाहेर आले. आई-वडिलांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट म्हणजे इथे चढ नाही. जाण्यापूर्वी रस्त्याची चौकशी मात्र अवश्य करावी, कारण या भागातले लहान पूल आणि नदीकाठचे रस्ते पावसाळ्यानंतर लगेच पूर्ववत होतातच असे नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या पुराने याच जिल्ह्यातल्या अनेक गावांची वाट अडवली होती.

दुसरा दिवस भाऊबीजेचा, आणि माझ्या मते या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा भाग त्याच दिवशी सकाळी येतो. सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने सुमारे 45 किलोमीटरवर नळदुर्ग आहे. पुण्या-मुंबईची हजारो कुटुंबे तुळजापूरला जातात, पण तिथून साधारण 35 किलोमीटरवर असलेल्या या किल्ल्याकडे फार थोडी वळतात, हे मला नेहमीच नवल वाटते. बोरी नदीच्या पात्रात, मुख्य किल्ला आणि पलीकडचे रणमंडळ, म्हणजे त्याचा जोडकिल्ला, यांना जोडणारा दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1613 च्या सुमारास त्याचे बांधकाम झाले. बंधाऱ्यावरून चालताना आपल्या पायाखाली दालन आहे याची कल्पनाही येत नाही. मग भिंतीतच एक अरुंद जिना दिसतो, त्यातून अंधारात खाली उतरत गेले की अचानक कोरीव कमानींचे सज्जे लागतात आणि समोर नदीचे खालचे पात्र उघडते. बंधाऱ्यावरून पाणी पडण्याच्या दोन वाटांना नर आणि मादी म्हणतात. पाणी सुटलेले असताना ते या सज्ज्यांच्या पुढून खाली कोसळते आणि आतला माणूस कोरडा राहतो अशी ही रचना आहे.

दिवाळीत हे धबधबे दिसतील की नाही हे वरच्या बोरी धरणावर अवलंबून आहे. परतीचा पाऊस चांगला झाला असेल आणि धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहत असेल तरच ते दिसतात, म्हणून मुलांना आधीपासून धबधब्याचे आमिष दाखवू नये. पाणी फार असेल तर महालात उतरणे बंदही असू शकते. जिना काळोखाचा आणि पायऱ्या ओलसर असल्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी उतरू नये; त्यांनी बंधाऱ्याच्या तोंडाशी सावलीत बसावे, एकाने त्यांच्याजवळ थांबावे आणि मोठ्यांनी आळीपाळीने मुलांना खाली न्यावे. हातात चांगली बॅटरी असावी, कारण मोबाइलच्या उजेडात पायरीची कड नीट दिसत नाही. किल्ल्यातला उंच उपळ्या बुरूज, त्यावरच्या लांब तोफा आणि तिथून दिसणारा सगळा प्रदेश मुलांना आवडेल, पण त्याच्या पायऱ्या आपल्या आई-वडिलांसाठी नाहीत. सकाळी आठला किल्ल्यात असलात तर साडेअकरापर्यंत ऊन तापण्याआधी बाहेर पडता येते. नळदुर्गजवळच खंडोबाचे मैलारपूर आहे. खंडोबाची एकच मूर्ती वर्षाचा बहुतेक काळ अणदूरला आणि उरलेला काळ मैलारपूरला असते, ही दोन गावांची जुनी रीत आजही पाळली जाते. दर्शन घ्यायचे असेल तर त्या दिवशी देव कोणत्या गावी आहे हे आधी विचारावे.

पुढची वाट तुळजापूरवरून जाते आणि आई-वडील दर्शनाचा आग्रह धरणार हे गृहीत धरायला हवे. दिवाळीत तिथे गर्दी असते. अमावास्येला होणारा भेंडोळीचा उत्सव, ज्यात पेटत्या भेंडोळ्या खांद्यावर घेऊन भक्त काळभैरवाच्या ठाण्यापासून देवीच्या दारापर्यंत धावतात, आपण पोहोचाल तेव्हा आटोपलेला असेल, पण रांग आटोपलेली नसेल. दोन तासांहून अधिक वेळ लागणार असे दिसले तर कळसाचे दर्शन घेऊन निघावे, असे घरातल्या सर्वांशी पुण्यातच ठरवून घ्यावे. महाद्वाराशी उभे राहून हा वाद घालण्याने सणाचा दिवस बिघडतो. धाराशिवच्या डोंगरातली लेणी त्या दिवशी सोडून द्यावीत. भाऊबीजेच्या दुपारी आतल्या रस्त्यांवर एकेका दुचाकीवर चौघे-चौघे बहिणीकडे निघालेले असतात, त्यामुळे वेग आपोआप कमी होतो, आणि आपल्याला दिवेलागणीच्या आत बार्शीत पोहोचायचे आहे.

दिवेलागणीची ही मर्यादा मी कुठेही सैल करणार नाही. त्याचे कारण ऊस आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो आणि सोलापूर-धाराशिव पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून उसाची वाहतूक चालते. रात्री मागून पाहिले तर उसाचे वाढे ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असते, मागचा दिवा त्याखाली झाकलेला असतो किंवा नसतोच, आणि मोठ्या आवाजात गाणी लावलेल्या चालकाला आपला हॉर्न ऐकू येत नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यांत ही ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सहा वाजता अंधार पडू लागतो. तेव्हा रोजचा शेवटचा टप्पा साडेपाचला संपला पाहिजे, असे धरूनच दिवस आखावा.

तिसऱ्या दिवशी बार्शीहून येडशीमार्गे तेरला जाऊन संध्याकाळी परत यावे. येडशीजवळ दरीत रामलिंगाचे मंदिर आहे, भोवती अभयारण्याची झाडी आहे आणि माकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे खाऊच्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात. तेर आज साधे गाव दिसते, पण हेच प्राचीन तगर. भडोच बंदरातून रोमकडे जाणाऱ्या मालासंदर्भात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात या नगराचे नाव येते. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. शासकीय संग्रहालये सोमवारी आणि सणांच्या सुट्टीत बंद असू शकतात, म्हणून बहिणीच्या घरच्यांपैकी कोणाला तरी आदल्या आठवड्यातच चौकशी करायला सांगावे. त्रिविक्रमाचे मंदिर मात्र चुकवू नये. ते विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार असून छत लेण्यातल्या चैत्यगृहासारखे कमानदार आहे. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कार्ले किंवा भाजे पाहिलेल्या मुलांना तोच आकार इथे डोंगर न कोरता विटा रचून केलेला दिसतो, आणि या एका गोष्टीवर त्यांच्याशी बराच वेळ बोलता येते. आई-वडिलांसाठी तेर म्हणजे गोरोबाकाका. तेरणेच्या काठावर त्यांची समाधी आहे, परिसर शांत आहे आणि दुपारी निवांत टेकायला जागाही आहे.

चौथा दिवस परतीचा. तो रविवार असेल तर शक्य झाल्यास एक दिवस आधी किंवा नंतर निघावे, कारण सुट्टी संपल्याच्या संध्याकाळी पुण्यात शिरताना सगळी विश्रांती वाया जाते. वाटेत परांडा घ्यावे. हा भुईकोट असल्यामुळे चढण नाही, खंदक आणि दुहेरी तटबंदी बाहेरूनच लक्षात येते, आणि विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ सतराव्या शतकात इथूनच तिकडे नेली गेली. ती गेली तरी बुरुजांवर तोफा अजून आहेत. आत गवत वाढलेले असते, म्हणून मुलांच्या पायांत बूट असावेत आणि तटाच्या कडेने त्यांना एकटे सोडू नये. दीड-दोन तास पुरतात. परांड्याहून कुर्डुवाडीमार्गे टेंभुर्णीला पुन्हा महामार्ग लागतो; तिथे दुपारी एकपर्यंत पोहोचून जेवण उरकले तर दिवस मावळायच्या आत हडपसर गाठता येईल.