आधी डी-पॅड दाबून बघा, रंग नंतर

प्रश्न: कॉम्प्युटरवर स्ट्रीट फायटर २ हा मारामारीचा गेम आणि जुने प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचे गेम खेळायचेत. तीन पॅड डोक्यात आहेत, निन्टेंडोने स्विचसाठी काढलेला सुपर निन्टेंडोसारखा पॅड, एटबिटडोचा एसएन३० प्रो आणि त्यांचाच सेगासारखा एम३०. दिसायला तिन्ही मस्त, पण बांधणी कुठल्याची चांगली?

उत्तर: दिसण्यावर जाऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण राखाडी प्लॅस्टिक आणि रंगीत बटणं कोणीही बनवतं, खरी कंपनी कळते ती डी-पॅडखाली, म्हणजे दिशा द्यायच्या बटणाखाली. अधिक चिन्हासारखा हा डी-पॅड निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंनी १९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉच या हातात धरायच्या गेमसाठी बनवला आणि आतली रचना आजही जवळपास तीच आहे. खाली रबराची एक शीट असते, तिला चार फुगवटे, प्रत्येकाच्या पोटात काळी कार्बनची टिकली, दाबलं की टिकली बोर्डाला टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. आणि मधोमध एक छोटा खुंटा, ज्यावर अख्खा डी-पॅड सी-सॉसारखा डुलतो. सगळा खेळ या खुंट्याचा आहे! तो बुटका असेल तर उजवीकडे दाबताना डी-पॅड सगळाच खाली बसतो, शेजारची वरची किंवा खालची टिकलीपण टेकते आणि तुमचा माणूस न सांगता तिरका वागायला लागतो. उंची बरोबर असेल तर अंगठा थोडा सरकला तरी उजवं म्हणजे उजवंच.

तपासायला काँट्रा हा जुना पळत गोळ्या मारायचा गेम लावा. उजवं दाबून धरा, पळू द्या, आणि अंगठा न उचलता हलकेच वर-खाली रोल करा. बंदूक लगेच तिरकी व्हायला लागली तर तो पॅड परत करा, पुढे सवय होईल वगैरे काही नाही, सवय होत नाही, चिडचिड होते.

आता तुमचे तीन. प्लॅटफॉर्मरच जास्त खेळणार असाल तर निन्टेंडोचा. त्यात स्टिक नाहीत, व्हायब्रेशन नाही, वरच्या कडेला दोन बारीकशी जादा बटणं आहेत, बाकी हातात अगदी जुन्यासारखा वाटतो आणि दाबताना ती मऊ पण नेमकी उसळी येते. एसएन३० प्रो मध्ये दोन स्टिक आहेत म्हणून नवे गेमही चालतात, पण अंगाने तो लहानच, मोठ्या हातांना स्टिक खूप जवळजवळ वाटतात. तशी अडचण असेल तर त्याच कंपनीचा प्रो २ बघा, खाली पकडायला मुठी आहेत, मागे दोन जादा बटणं आहेत आणि बॅटरी काढता येते, तिच्या जागी साधे दोन एए सेलही बसतात. टिकण्याच्या हिशोबात माझ्या मते ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी, कारण बॅटरी कधीतरी मरणारच.

पण तुम्ही पहिलं नाव स्ट्रीट फायटरचं घेतलंत म्हणून मी एम३० घ्या म्हणेन. या गेममध्ये तीन पंच आणि तीन किक, एकूण सहा बटणं लागतात. सुपर निन्टेंडोच्या पॅडवर समोर चारच आहेत, म्हणून जोराचा पंच आणि जोराची किक वरच्या एल-आर वर जातात. सेगाच्या तीन बटणी पॅडवर तर पंच आणि किकमध्ये अदलाबदल करायला स्टार्ट दाबावं लागायचं, म्हणून १९९३ मध्ये त्यांनी सहा बटणी पॅड काढला आणि एम३० त्याच घराण्यातला. शिवाय याचा डी-पॅड गोल बशीसारखा, खाली, खाली-पुढे, पुढे असा अंगठा घसरत नेला की हाडोकेन, म्हणजे या गेममधला आगीच्या गोळ्यासारखा खास वार, सहज निघतो. ज्याला एका दिशेची खात्री हवी त्याला प्लस, ज्याला अंगठा फिरवायचाय त्याला बशी.

प्रश्न: जड पॅड म्हणजे मजबूत ना?

उत्तर: नाही. जुना सुपर निन्टेंडोचा पॅड हलकाच होता. दोन्ही टोकं धरून हलका पीळ द्या, कचकच आवाज आला तर दोन अर्ध्या भागांचं फिटिंग ढिलं आहे. हलवल्यावर बटणं थोडी खुळखुळली तर चालतं, खऱ्या जुन्या पॅडचीही खुळखुळतात. जोडाच्या रेषेवर नख फिरवा, कुठे पायरी लागते का बघा. मागे स्क्रू दिसले की मला बरं वाटतं, कारण म्हणजे तो उघडता येतो, साफ करता येतो. जुना सुपर निन्टेंडो पॅड पाच साध्या स्क्रूंवर उघडायचा, तसंच हवं.

प्रश्न: स्वस्तातला यूएसबी पॅड घेतला, वर दाबलं की मधूनच डावीकडे जातो. फेकून देऊ का?

उत्तर: थांबा, फेकू नका. माझ्याकडच्या एका स्वस्त नकलेला हाच आजार होता. उघडून बघा, रबर सरकून बसलं असेल तर नीट बसवा, टिकल्या आणि बोर्डावरचे काळे ठिपके आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, जोरात घासू नका, तो थर निघून येतो. तरीही झालं नाही तर बोर्डावरच्या ठिपक्यांच्या मधल्या कडेला अगदी अरुंद टेपची पट्टी लावतात, म्हणजे टिकली टेकायला थोडं जास्त दाबावं लागतं आणि चुकून लागणं कमी होतं. माझा त्यावर ठीक झाला. पण टेप जास्त रुंद लावलीत तर मुद्दाम तिरकं जाणंही अवघड होईल, म्हणून थोडी थोडी लावून बघा.

प्रश्न: रेट्रो पॅडमध्ये हॉल इफेक्ट स्टिकला जास्त पैसे द्यावेत का?

उत्तर: स्टिक वापरणार असाल तर द्या. साध्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचा काटा घासतो, पट्टी झिजली की ड्रिफ्ट सुरू, म्हणजे हात न लावताही माणूस आपोआप सरकतो, हॉल इफेक्टमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत. निन्टेंडो ६४ ची १९९६ ची स्टिक तर प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासून पांढरी पूड व्हायची आणि स्टिक लोळायला लागायची, ज्यांनी ती वापरलीय त्यांना विचारा. पण फक्त डी-पॅडवर खेळत असाल तर हे पैसे वाचवा.

प्रश्न: वायरलेसमध्ये लॅग, म्हणजे बटण दाबल्यावर उशीर, येतो का?

उत्तर: थोडा येतो, कुठल्या जोडणीने खेळता त्यावर आहे. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणून एखाद-दोन फ्रेमचा उशीर उडी मारताना जाणवतो. केबल सगळ्यात बिनधास्त, मग सोबत आलेला २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, मग ब्लूटूथ. आणि पॅडला दोष द्यायच्या आधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का तेवढं बघा, कितीतरी वेळा उशीर तिथेच असतो.