अर्थसंकल्पात आमच्या गावच्या पुलाला मंजुरी मिळाली म्हणतात, मग काम का सुरू होत नाही?

कारण अर्थसंकल्पात नाव येणं वेगळं आणि पैसा हातात पडणं वेगळं. मार्चमध्ये अर्थमंत्र्यांचं भाषण होतं, टाळ्या पडतात. पण खर्चाचा परवाना मिळतो तो नंतर. आधी खातेनिहाय मागण्यांवर (प्रत्येक खात्याने मागितलेल्या खर्चावर) विधानसभेत मतदान, मग विनियोजन विधेयक, म्हणजे तो पैसा काढायला परवानगी देणारं विधेयक. त्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, रुपयाही काढता येत नाही (राज्यघटनेचं कलम २६६).

आता पुलासमोर रक्कम किती लिहिली आहे ते बघा. पुष्कळदा कोटींच्या कामापुढे नाममात्र 'टोकन' तरतूद असते. नाव यादीत घुसवायचं, पैशाचं पुढे बघू! बाकीचे पैसे पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांतून (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा निधीतून) येतात. आले तर. प्रशासकीय मान्यता (काम आणि त्याच्या खर्चाला सरकारी होकार), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला अभियंत्यांचा होकार), निविदा हे सोपस्कार आणखी वेगळे. शिवाय वित्त विभाग निधी टप्प्याटप्प्याने सोडतो आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेली तरतूद साधारणपणे व्यपगत होते, म्हणजे हातची जाते. मार्चअखेर कोषागारात बिलांची झुंबड उडते ती त्यामुळेच.

आमदारांना गाठलंत तर 'मंजुरी मिळाली का' विचारू नका, 'हो' असंच उत्तर येईल. प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि यंदाची तरतूद किती, एवढं विचारा.