सासू-सासरे आणि शाळकरी मुलांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात मे महिन्यात जावं की दिवाळीच्या सुट्टीत? ट्रॅव्हलवाला ‘बाराही महिने छान’ म्हणतो, तर तिथे खरंच वर्षभर कधीही गेलं तर चालतं का?

मे. त्यातही जमलं तर दुसरा पंधरवडा. दिवाळीच्या सुट्टीत, विशेषतः ती नोव्हेंबरात येत असेल तर, शक्यतो नको.

आम्ही बर्नला राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की पाहुण्यांना घेऊन इंटरलाकेनमार्गे या खोऱ्यात चक्कर ठरलेली. ‘बाराही महिने छान’ हे तुमच्या ट्रॅव्हलवाल्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण इथे महिन्याइतकीच उंचीही बघावी लागते. लाउटरब्रुनेन गाव साधारण ८०० मीटरवर, कड्यांवरची गावं वेंगेन १२७४ आणि म्युरेन १६३८, आणि युंगफ्राउयोख (थोडक्यात योख) या बर्फाळ खिंडीतलं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर. मे महिन्यात खाली हिरव्या कुरणात पिवळी फुलं, म्युरेनच्या आसपास बर्फाचे ठिगळ आणि योखवर पांढरंशुभ्र, हे सगळं एकाच दिवसात बघून होतं. सासू-सासऱ्यांना बर्फ दाखवायचाय म्हणून हिवाळ्यातच जायला हवं असं काही नाही. योखवर तो भर जुलैतही असतो.

मेमधली खरी मजा पाण्याची. वरचा बर्फ वितळायला लागतो आणि खोऱ्याच्या दोन्ही उभ्या कड्यांवरून धबधबे कोसळतात. श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून पडतो. वारा सुटला की पाणी खाली पोचायच्या आधीच धुरासारखं बाजूला उडतं. नाणेघाटात पावसाळ्यात उलटं उडणारं पाणी पाहिलं असेल तर लगेच ओळखीचं वाटेल. ट्रुमेलबाख मात्र डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी कातळ कापत खाली येतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत शिरलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. वर न्यायला लिफ्ट आहे, पण पुढच्या पायऱ्या ओल्या असतात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना बाहेरच कॉफी घेऊन बसवा.

मेची उणी बाजू म्हणजे उंचावरच्या पायवाटा बऱ्याचशा बंद असतात. मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग हा सोपा, आयगरच्या समोरून जाणारा रस्ता चालायचा असेल तर जून उजाडावा लागतो. गुरंही जूनमध्येच वरच्या कुरणांवर जातात आणि सप्टेंबरात घंटा वाजवत उतरतात. मला विचाराल तर सप्टेंबर सगळ्यात उत्तम. गर्दी ओसरलेली, हवा स्वच्छ. पण शाळेपुढे इलाज नाही.

नोव्हेंबर नको म्हणतो कारण उन्हाळी हंगाम संपलेला असतो आणि स्कीइंगचा सुरू झालेला नसतो. केबल कार दुरुस्तीसाठी आलटूनपालटून बंद, बरीच हॉटेलं बंद, ट्रुमेलबाख थेट एप्रिलपर्यंत बंद. योखची गाडी तेव्हाही चालते, पण नुसतं तेवढ्यासाठी एवढा खर्च?

हिवाळ्याचा विचार पुढे कधी केलात तर मुक्काम खाली करू नका. कड्यांमुळे लाउटरब्रुनेनला ऊन फार थोडा वेळ मिळतं. वेंगेन आणि म्युरेन उघड्या सपाटीवर आहेत, तिथे भरपूर. दोन्ही गावांत गाड्यांना बंदी आहे, म्हणजे मुलांना घसरगाडी घेऊन सोडून द्यायला हरकत नाही. फक्त जानेवारीत वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते, त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तरी महाग.

योखचं तिकीट घरून निघताना काढून ठेवू नका. आदल्या रात्री हवामान आणि सकाळी वरचा लाइव्ह कॅमेरा बघा, शिखर दिसत असेल तरच काढा. ढग असतील तर तो दिवस धबधब्यांना द्या. स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर वेंगेन-म्युरेनपर्यंतचा प्रवास त्यात येतो, वेंगेनच्या पुढे योखपर्यंत फक्त २५ टक्के सवलत मिळते. हे हिशोबात धरा, कारण पुष्कळ जण योखही फुकट समजून येतात आणि खिडकीशी वाद घालतात.