बाइकच्या गेममध्ये आधी ब्रेक शिक

हे बघ भाऊ, कारचे गेम जमतात म्हणून बाइकचाही जमेल असं समजू नको. मोटोजीपी 23 घेतलास ते बरं केलंस. त्यात आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किटही आहे, जिथे सप्टेंबर 2023 मध्ये खरी शर्यत झाली. पण करिअर मोड (शर्यतींचा पूर्ण हंगाम) लगेच उघडू नको, आधी टाइम ट्रायलमध्ये एकटाच फिर.

खरी गंमत ब्रेकमध्ये आहे. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. पुढचा जोरात दाबायचा तो गाडी सरळ असताना. ती कलायला लागली की बोट हळूहळू सैल कर. झुकलेल्या गाडीवर करकचून दाबलास की गेलास खडीत! पावसाळ्यात नागपूरच्या वर्धा रोडवर घसरलेला कोणीही हेच सांगेल. (मी दोनदा.) ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच फिरून घसरू न देणारी मदत) मात्र इतक्यात बंद करू नको.

आणि कीबोर्डवर कायले खेळतो बे? बर्डीच्या बाजारातून ॲनालॉग ट्रिगरवाला कंट्रोलर आण, ब्रेक किती दाबला ते बोटाला कळतं. ग्राफिक्स ठीकठाकच. पण गेम बनवणाऱ्या माइलस्टोनवाल्यांनी टायरची झीज छान जमवलीय. लांब शर्यतीत सॉफ्ट टायर (पकड जास्त, पण लवकर झिजणारे) लावून सुरुवातीलाच उधळलास, तर शेवटच्या दोन लॅपला सगळे तुला ओलांडून जातील.