गुडघ्याचे लिगामेंट फाटले : ऑपरेशन केले नाही तर भरपाई बुडते का?

प्रश्न : माझे वय ३३ असून मी एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी एका मोटारीने माझ्या दुचाकीला बाजूने धडक दिली. गुन्हा नोंद झाला आहे. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर ‘उजव्या गुडघ्याला मुका मार, सूज’ एवढेच लिहिले गेले. तीन आठवड्यांनी एमआरआय केल्यावर एसीएल हे लिगामेंट (गुडघ्यातील हाडांना जोडणारा पट्टा) पूर्ण फाटल्याचे कळले. एक सर्जन ऑपरेशन करा म्हणतात, तर दुसरे म्हणतात की आधी नियमित फिजिओथेरपी करा आणि गुडघा दगा देत राहिला तरच ऑपरेशनचा विचार करा. ओळखीचे एक गृहस्थ सांगतात की ऑपरेशन केल्याशिवाय क्लेम वाढत नाही. मोटारीच्या विमा कंपनीकडून आलेला माणूस म्हणाला की ऑपरेशन नाही म्हणजे दुखापत किरकोळ, तेव्हा देतो ती रक्कम घ्या आणि सही करा. मी काय करावे?

उत्तर : आपल्याला सल्ला देणाऱ्या चौघांपैकी दोघांनी आपला गुडघा तपासला आहे आणि उरलेल्या दोघांनी आपला दावा तोलला आहे. उपचार कोणता घ्यायचा, हे पहिल्या दोघांशी बोलून आपण ठरवावे. उरलेल्या दोघांचे म्हणणे कायद्याच्या कसोटीवर टिकणारे नाही, आणि ते का टिकत नाही एवढेच मी येथे सांगू शकतो.

नुकसान सोसणाऱ्याने ते वाजवी प्रयत्नांनी आटोक्यात ठेवावे, हे तत्त्व अपघाताच्या दाव्यांतही लागू पडते, आणि विमा कंपनीचे वकील त्याचाच आधार घेऊन असा मुद्दा काढू शकतात की ऑपरेशन केले असते तर अर्जदार बरा झाला असता, सबब उरलेले व्यंग हा त्याचा स्वतःचा दोष आहे. मात्र येथे कसोटी वाजवीपणाची आहे. सारी माहिती घेऊन आणि तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यावर विसंबून रुग्णाने जो मार्ग धरला, तो दुसऱ्या तज्ज्ञाने सुचवला नसता एवढ्यावरून अवाजवी ठरत नाही. आपल्या बाबतीत तर दोन्ही मतांना वैद्यकीय आधार आहे. स्वीडनमधील १२१ तरुण आणि हालते-फिरते आयुष्य जगणाऱ्या रुग्णांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाचे ऑपरेशन लवकर केले गेले आणि दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार देऊन गरज पडल्यास ऑपरेशनची मुभा ठेवली गेली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातील ५९ पैकी २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतले होते. उलट, गुडघा दीर्घकाळ दगा देत राहिलेल्या ३१६ रुग्णांवरील ब्रिटनमधील अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, ऑपरेशनचा मार्ग सरस ठरला. म्हणजे ‘आधी व्यायाम, मग पाहू’ हा सल्ला वेळकाढूपणाचा नाही, आणि गुडघा सटकतच राहिला तर पुढे ऑपरेशन करून घेणे हेही घूमजाव नाही. गुडघ्यातील कूर्चेची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटून सांध्यात अडकली असेल तर हिशेब बदलतो. एमआरआयच्या अहवालात त्याबद्दल काय म्हटले आहे, हे दोन्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

दावा कमकुवत होतो तो ऑपरेशन न केल्याने नव्हे, तर व्यायामाचा मार्ग निवडून व्यायाम न केल्याने. फिजिओथेरपीच्या कार्डावर तारखांच्या रकान्यात ‘रुग्ण आला नाही’ असे चार वेळा लिहिलेले असेल, तर उलटतपासणीत त्या चार ओळी एकेक करून वाचून दाखवल्या जातात, आणि कामावरून उशीर झाला म्हणून जाता आले नाही हे उत्तर खरे असूनही तोकडे पडते. म्हणून भेट चुकली तर त्याचे कारण त्याच कार्डावर लिहून घ्यावे, आणि गुडघा किती अंशांत वाकतो, किती सरळ होतो, मांडीचा घेर किती आहे, या नोंदी दर काही आठवड्यांनी करून घ्याव्यात.

आता ‘ऑपरेशन केल्याशिवाय क्लेम वाढत नाही’ या समजाकडे वळू. अद्याप न झालेल्या ऑपरेशनचा खर्चही भविष्यातील वैद्यकीय खर्च म्हणून मागता येतो. मात्र राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की या सदराखालील रक्कम पुढील उपचारांची गरज आणि त्यांचा खर्च यांविषयीच्या ठोस वैद्यकीय पुराव्यावर अवलंबून राहील. तोंडी ‘कदाचित करावे लागेल’ याला काहीच किंमत नाही. गुडघा अस्थिर राहिल्यास ऑपरेशन लागेल आणि त्याला अंदाजे इतका खर्च येईल, असे पत्र सर्जनकडून सहीशिक्क्यासह घ्यावे आणि साक्षीला येण्याची त्यांची तयारी आहे ना, तेही आधीच विचारावे. याला आणखी एक कारण आहे. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या २००२ च्या निकालानुसार, अंतिम निवाडा झाल्यावर पुढे उद्भवलेल्या खर्चासाठी पुन्हा निवाडा देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. जे मागायचे ते एकदाच मागावे लागते.

अपंगत्वाचा दाखला घाईने काढू नये. गुडघा सुधारायचा तेवढा सुधारला, असे डॉक्टरांनी म्हटल्यावरच तो घ्यावा. दाखल्यावरील टक्केवारी अनेकदा फक्त त्या पायापुरती असते. संपूर्ण शरीराच्या संदर्भात ती कमी भरते, आणि उत्पन्नावरचा परिणाम ही तर तिसरीच गोष्ट आहे. वर सांगितलेल्या २०१० च्या निकालाने हा भेद नीट उलगडून दाखवला आहे. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा पाय पायऱ्या उतरताना लटपटला तर त्याचा पगार सहसा बुडत नाही. आपल्याला शिडीच्या सातव्या पायरीवर एका पायावर भार देऊन दोन्ही हात छताच्या वायरिंगला लावावे लागतात, आणि स्विचबोर्डासाठी उकिडवे बसावे लागते. हे काम आपण नेमके कसे करता आणि आता त्यातले काय जमत नाही, हे कंत्राटदाराच्या आणि एखाद्या सहकाऱ्याच्या साक्षीतून मोटार अपघातांचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे यायला हवे. वार्षिक उत्पन्नाच्या हानीला वयानुसार ठरलेल्या ज्या आकड्याने गुणतात तो, म्हणजे गुणक, आपल्या वयाला १६ लागतो, त्यामुळे उत्पन्नातील हानीची टक्केवारी थोडी जरी बदलली तरी अंतिम आकडा बराच हलतो. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी बँक पासबुकाच्या नोंदी आतापासून काढून ठेवाव्यात.

आपल्या कागदपत्रांतला खरा कच्चा दुवा ‘मुका मार’ हे दोन शब्द आहेत. एमआरआय तीन आठवड्यांनी झाला म्हणजे लिगामेंट मधल्या काळात दुसरीकडेच फाटले, असा बचाव घेतला जाईल असे धरून चालावे. एसीएल फाटल्यावर सांध्यात रक्त साचून काही तासांतच गुडघा सुजतो, आणि पहिल्याच दिवशीच्या केसपेपरवर ‘सूज’ हा शब्द आहे, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. ती सूज आणि एमआरआयमधील निष्कर्ष एकाच अपघाताशी सुसंगत आहेत, असे मत उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. मूळ केसपेपरची प्रत आजच मागावी. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात.

विमा कंपनीच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर ‘संपूर्ण व अंतिम’ अशा अर्थाचे शब्द असणार, असे गृहीत धरा. तडजोड कायद्याला मान्य आहे आणि पुष्कळदा ती शहाणपणाचीही असते, पण पाय अजून कोणत्या दिशेने जाणार हे ठरलेले नसताना केलेली तडजोड म्हणजे मोजमाप न घेता दिलेला माल. सही करू नये.

आपल्याकडे स्वतःचा मेडिक्लेम असल्यास तो जरूर वापरावा. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात दाव्यातील वैद्यकीय खर्चातून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. बहुतेक पॉलिसींत दाखल न होता घेतलेल्या फिजिओथेरपीचे पैसे मिळत नाहीत आणि ऑपरेशनचे मिळतात, म्हणून ऑपरेशनकडे झुकणारे अशील मी पाहिले आहेत. फिजिओथेरपीची बिले दाव्यात मागता येतात. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यावी लागते.

मुदतीबाबत हयगय चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर आणि १ एप्रिल २०२२ पासून, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. आपल्याकडे अडीच महिने उरले आहेत. उपचार पूर्ण होण्याची वाट पाहू नये. दावा दाखल केल्यावरही पुढची बिले, दाखले आणि गरज पडल्यास दुरुस्ती अर्ज देता येतो. पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवल्यास तोही अर्ज म्हणून धरता येतो, पण तो गेला आहे की नाही याची खात्री न करता त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. दावा आपण राहता त्या भागातील न्यायाधिकरणातही चालतो. अपघात कामावर असताना झाला असेल तर वकिलाला ते आधी सांगावे, कारण कामावरील अपघातांच्या भरपाईच्या कायद्याखाली दाद मागायची की मोटार वाहन कायद्याखाली, यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

शेवटी ऑपरेशनच ठरले, तर संमतिपत्र आदल्या दिवशी घरी आणून वाचावे. समीरा कोहली विरुद्ध प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालानुसार डॉक्टरांनी उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, उपलब्ध पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम सांगायला हवेत, आणि तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती ठरत नाही. लिगामेंट नव्याने बांधण्यासाठी शरीरातला स्नायुबंध (टेंडन) कोठून काढणार आणि आत मेनिस्कस फाटलेला आढळल्यास तो शिवणार की कापणार, ही दोन उत्तरे त्या कागदावर मराठीत लिहून घ्यावीत. ‘आवश्यक वाटेल ती अन्य कोणतीही शस्त्रक्रिया’ अशी मोघम ओळ छापलेली असल्यास तिचा अर्थ सर्जनना विचारावा, आणि उत्तर पटले नाही तर ती ओळ खोडून शेजारी दोघांनी सही करावी.