केस चंदेरी आणि ताप हटेना

प्रश्न: भाच्याचे केस जन्मापासून चंदेरी आहेत, आता दहा दिवस ताप हटत नाहीये, पोटही फुगलंय. घरचे म्हणतात व्हायरल असेल. थांबायचं का?

उत्तर: अजिबात नको, आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या. असे केस ग्रिसेली सिंड्रोम टाइप २ या दुर्मिळ जन्मजात आजारात असू शकतात, मायक्रोस्कोपखाली केसात रंगाच्या गुठळ्या दिसतात. त्यात आरएबी२७ए जीन बिघडलेला असतो, मग शरीरातल्या मारक पेशींना विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारताच येत नाहीत, इम्यून सिस्टिम थांबायचं नाव घेत नाही आणि स्वतःच्याच रक्तपेशी खायला लागते, यालाच एचएलएच म्हणतात, जीवघेणं असतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) या रक्ततपासण्या लगेच करायला सांगा आणि केसांचं आवर्जून सांगा हो, टोपीखाली राहून जातं! तेच निघालं तर आधी स्टेरॉइड, इटोपोसाइड (केमोथेरपीचं औषध) वगैरे देतात, पण कायमचा इलाज बोनमॅरो ट्रान्सप्लांटच.