रेस्टिगूश नदीवरच्या जुन्या लॉजवर अटलांटिक सॅमनसाठी जायचं आहे. फ्लाय रॉड कधी धरलेला नाही. काय तयारी करावी?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी कळल्या: मुक्काम टोरंटोला, आमंत्रण जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांचं, आणि लहानपणी कोकणात खाडीवर गरवलेलं आहे. तिसरी गोष्ट कामाची आहे, पण त्यातली एक सवय मोडावी लागेल. ती कोणती ते पुढे येईल.

आधी मासा. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचा या माशाशी काही संबंध नाही. अटलांटिक सॅमन नदीच्या गोट्यांत जन्मतो, दोन-चार वर्षं तिथेच वाढतो आणि मग समुद्रात जातो. रेस्टिगूशचे मोठे मासे ग्रीनलंडच्या पश्चिमेपर्यंत पोहतात आणि दोन किंवा जास्त हिवाळे काढून अंडी घालायला जन्माच्या नदीत परततात. एकाच हिवाळ्यात परतलेल्या लहान माशाला ग्रिल्स म्हणतात. कायद्याच्या भाषेत नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ६३ सेंटिमीटरहून कमी तो ग्रिल्स. गोड्या पाण्यात शिरला की हा मासा खाणं थांबवतो. म्हणजे तुम्ही भुकेल्या माशापुढे आमिष टाकणार नाही आहात. फ्लाय म्हणजे केस, पिसं आणि चकचकीत तार गळावर गुंडाळून केलेली वस्तू. ती डोळ्यांसमोरून योग्य वेगाने गेली, तर जुन्या सवयीने किंवा चिडून तो तोंड उघडतो. का उघडतो ते कुणालाही नक्की सांगता आलेलं नाही. पण यातून एक गोष्ट निघते: डोहातल्या प्रत्येक माशासमोरून फ्लाय एकदा नीट, ठरलेल्या वेगाने गेली पाहिजे. लांब फेकीपेक्षा मोजलेली फेक महत्त्वाची.

नदीबद्दल थोडं. रेस्टिगूश खालच्या भागात न्यू ब्रंसविक आणि क्वेबेक या कॅनडाच्या दोन प्रांतांची सीमा होते आणि शालूर उपसागराला मिळते. कॅजविक, पातापेदिया, मातापेदिया, अप्सलक्विच या तिच्या उपनद्या. रेस्टिगूश सॅमन क्लब १८८० सालचा. न्यूयॉर्कच्या धनिकांनी इथे डोह विकत घेतले, भाड्याने घेतले आणि काठावर लाकडी लॉज उभारले. काहींचे आराखडे स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुरचनाकाराने केले. न्यू ब्रंसविकमध्ये बरेच डोह आजही खासगी मालकीचे आहेत, म्हणून लॉजचं आमंत्रण म्हणजे त्या डोहांत उतरण्याची परवानगी. या नदीवर पहिला हक्क कुणाचा, हेही माहीत असावं. मुखाशी लिस्तुगुज हे मिगमाव या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव आहे. जून १९८१ मध्ये त्यांची सॅमनची जाळी जप्त करायला क्वेबेकच्या पोलिसांनी दोनदा छापे घातले होते. लॉजच्या भिंतींवरच्या जुन्या फोटोंत हा भाग सहसा नसतो.

कागदपत्रं. टोरंटोचा, म्हणजे ऑन्टॅरियोचा रहिवासी न्यू ब्रंसविकसाठी बाहेरचाच, त्यामुळे सॅमनचा परवाना आणि सोबत परवानाधारक गाईड, दोन्ही बंधनकारक. गाईड लॉज देतं. परवाना कोण काढणार ते आधीच विचारून घ्या. फक्त फ्लाय चालते, वजन न लावलेली, आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. २०१५ पासून या भागात धरलेला प्रत्येक मासा, मोठा असो वा ग्रिल्स, जिवंत सोडायचा आहे. निघण्याच्या आठवड्यात त्या वर्षाचे नियम पुन्हा वाचा, कारण मध्येच डोह बंदही होतात. आणि घड्याळ: न्यू ब्रंसविकचा काठ क्वेबेकच्या काठापेक्षा एक तास पुढे. मॉन्ट्रियलहून हॅलिफॅक्सला जाणाऱ्या 'ओशन' गाडीने मातापेदिया स्टेशनवर उतरलात, तर लॉजची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते विचारा. पहिली सकाळ यातच हुकते.

सामान लॉजकडे असतंच, पण मागताना नेमकं मागा. कनूतून (लांब, निमुळत्या होडीतून) फेकायला एका हाताचा, ९ ते १० फुटी, ९ नंबरचा रॉड (नंबर म्हणजे तो किती जड लाइन फेकतो ते). दोन हातांचा १३ फुटी रॉड काठावरून छान चालतो, नवख्याने बसून तो वापरू नये. लाइन तरंगणारी, त्याच नंबरची. रीलला गुळगुळीत ब्रेक हवा आणि लाइनच्या मागे किमान १५० मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव बारीक दोरी. मोठा मासा प्रवाहासोबत निघाला की लाइन काही सेकंदांत संपते आणि बॅकिंग दिसू लागतं. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक नायलॉनचा धागा, ९ ते १२ फूट. शेवटचा तुकडा जूनच्या भरल्या पाण्यात १२ ते १५ पौंडी (एवढ्या ताणाला तुटणारा), ऑगस्टच्या उथळ पाण्यात ८ ते १०.

फ्लायचा डबा भरायची घाई नको. या नदीवर रस्टी रॅट, सिल्व्हर रॅट, ग्रीन हायलँडर, ब्लू चार्म आणि हिरव्या बुडाची ब्लॅक बेअर एवढं पुरतं. रस्टी रॅट तर इथलीच, शेजारच्या ॲथलव्हिलच्या क्लोव्हिस आर्सेनो यांची. पाणी चढं आणि गढूळसर असेल तर २ नंबरचा गळ, उतरलं की ६ आणि ८ (आकडा वाढतो तसा गळ लहान होतो). हरणाच्या केसांची, चिरुटासारखी जाड बॉम्बर ही फ्लाय तरंगते. ती जुलैत पाणी उतरल्यावर. नक्की कुठली बांधायची हे गाईडवर सोडा.

दोन गाठी घरी शिकून जा: लीडरचे तुकडे जोडायला ब्लड नॉट, फ्लायसाठी क्लिंच किंवा डबल टर्ल. सॅमन फ्लायचं नेढं वर वळलेलं असतं, आणि टर्ल गाठ नेढ्याच्या मागे मानेवर बसते म्हणून फ्लाय सरळ पोहते. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर नायलॉन तापून कमकुवत होतं.

फेकीचा सराव मैदानावर, फ्लायऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधून, रोज पंधरा मिनिटं, दोन आठवडे. १५ मीटर सरळ पडली की पुरे. नवखा माणूस एक चूक हमखास करतो: लाइन मागे पूर्ण उलगडायच्या आत पुढे झटका देतो. मग फटकन आवाज येतो, फ्लाय तुटते किंवा लीडरला आपोआप एक साधी गाठ बसते. ती गाठ लीडरची ताकद निम्म्यापर्यंत आणते. दर पंधरा-वीस फेकींनंतर लीडर बोटांतून ओढून पाहा. गाठ लागली तर सोडवत बसू नका, तुकडा बदला. एक-दोन दिवस खुर्चीवर बसूनही सराव करा, कारण कनूत तुम्ही बसलेले असाल.

रेस्टिगूशची पद्धत अशी. सुमारे २६ फुटी लांब कनू, मागे गाईड, मध्ये तुम्ही. डोहाच्या तोंडाशी तो नांगर टाकतो. तुम्ही पाच मीटर लाइनने सुरुवात करता: एक फेक डावीकडे, प्रवाहाच्या दिशेशी ४५ अंशांत, खालच्या बाजूला. फ्लाय प्रवाहाने आपोआप वळत कनूच्या सरळ खाली येते. मग तशीच उजवीकडे. मग रीलवरून दोन फूट लाइन सोडायची आणि पुन्हा डावी-उजवी. असं करत तुमच्या चांगल्या फेकीच्या टोकापर्यंत जायचं, समजा १८ मीटर. तेवढं झालं की लाइन गुंडाळा. गाईड नांगर उचलून कनू तेवढीच खाली नेतो. या एका मुक्कामाला 'ड्रॉप' म्हणतात. ही शिस्त पाळली तर डोहाचा एकही हात कोरडा राहत नाही. सहा फूट एकदम सोडले, तर मधल्या चार फुटांत पडून असलेला मासा फ्लाय न पाहताच राहतो.

फ्लाय वळताना तिचा वेग पाहा. मधला प्रवाह जोराचा असेल तर लाइनला पोट पडतं आणि फ्लाय चाबकासारखी ओढली जाते. तेव्हा रॉडच्या टोकाने लाइन उचलून वरच्या बाजूला पलटवायची. याला मेंड म्हणतात. संथ पाण्यात उलट, खालच्या बाजूला पलटवली की फ्लायला थोडा वेग मिळतो. पाण्यावर बोट ओढल्यावर जशी रेघ उठते तेवढा वेग, असं मी सांगेन.

आता ती मोडायची सवय. खाडीवर गरवताना दोरीला टुचका लागला की हात आपोआप झटका देतो. इथे तोच झटका मासा घालवतो. सॅमन खालून वर येतो, फ्लाय तोंडात घेतो आणि पुन्हा तळाकडे वळतो. तो वळतो तेव्हाच गळ तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. वर येताना पाणी फुगलेलं दिसतं, आणि त्याच क्षणी रॉड उचलला तर फ्लाय त्याच्या तोंडासमोरून निसटते. म्हणून काही करू नका. लाइन जड होऊ द्या, रील फिरू लागू द्या, आणि मगच रॉड शांतपणे उचला. अवघड आहे, पण तीन दिवसांत तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मासा वर आला आणि फ्लाय न घेता गेला, तर लाइनची लांबी बदलू नका. रीलवरून एक इंचही सोडू नका. दोन मिनिटं थांबा, तीच फेक पुन्हा. नाही आला तर तीच फ्लाय एक आकार लहान. तरी नाही तर अगदी वेगळी. मग पुन्हा पहिली. एकदा उठलेला मासा ही त्या दिवसाची सर्वांत मोलाची माहिती आहे. ती सोडून पुढच्या ड्रॉपला जायची घाई नको.

लागल्यावर गाईड नांगर उचलून कनू काठाकडे नेईल. मासा पळत असेल तर बोटं रीलच्या दांड्यापासून दूर ठेवा, तो फिरताना बोटं सोलतो. मासा हवेत उडाला की रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवा, म्हणजे ताणलेल्या लाइनवर तो पडणार नाही. थांबला की तुम्ही ओढायचं, रॉड सरळ वर नव्हे तर बाजूला, पाण्यालगत. याने त्याचा तोल जातो आणि तो लवकर दमतो. दर पौंडाला एक मिनिट हा जुना अंदाज कमाल मर्यादा समजा. सोडायचाच आहे तर जितका कमी दमेल तितका बरा. पातळ लीडर वापरून लढत लांबवण्यात काही कौशल्य नाही.

सोडणं हा या सहलीचा गाभा आहे. अटलांटिक सॅमनची संख्या बहुतेक नद्यांत खालावली आहे, आणि पॅसिफिक सॅमनसारखा हा अंडी घालून हमखास मरत नाही. वाचला तर समुद्रात जाऊन पुन्हा येऊ शकतो. जाळं गाठी नसलेलं, रबरी. हात आधी ओले करा. मासा पूर्ण वेळ पाण्यात, तोंड प्रवाहाकडे. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, कल्ल्यांना स्पर्श नाही. काटा दाबलेला असल्याने पक्कडीने फ्लाय सहज निघते. खोल गेली असेल तर लीडर कापा. फोटो पाण्यातच. वर उचलायचाच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर, पाणी ठिबकत असताना, पाच सेकंद. वजन हवं असेल तर पट्टीने लांबी आणि घेर मोजा: लांबी गुणिले घेराचा वर्ग भागिले ८००, मापं इंचांत, उत्तर पौंडांत. ३८ इंच लांब आणि १९ इंच घेराचा मासा साधारण १७ पौंडांचा. मग धरून राहा. तो स्वतः शेपटी मारून हातातून निघेपर्यंत ढकलू नका.

थर्मामीटर न्या. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की ऑक्सिजन घटतो आणि नीट सोडलेला मासाही नंतर मरू शकतो. तिथे बंदी लागू नसली तरी रॉड ठेवून द्यावा असं माझं ठाम मत आहे. यासाठी लॉजवरची एक दुपार गेली तरी चालेल.

कपड्यांत ऊन अडवणारी टोपी आणि पोलराइज्ड चष्मा. चष्मा मासे दिसण्यापेक्षा डोळ्यात गळ जाऊ नये म्हणून. जूनअखेरीस बारीक काळ्या माश्या कानामागे आणि मनगटावर चावतात, म्हणून फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. डीट (माश्या-डास पळवणारं रसायन) असलेलं मलम हाताच्या पाठीने लावा, तळव्याला नको, ते फ्लाय लाइनचं प्लॅस्टिक विरघळवतं. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, दुसऱ्या नदीत वापरले असतील तर आधी धुऊन कडक वाळवा. डिडिमो हे चिकट शेवाळ २००६ मध्ये मातापेदियात आढळलं, आणि ते बुटांच्या तळव्यातूनही पसरतं. गाईडची बक्षिसी रोख, पाकिटात, शेवटच्या दिवशी. किती ते लॉजच्या व्यवस्थापकाला आधीच विचारा, त्यात संकोच नको.

मासा सुटून गेल्यावर लगेच पुढची फेक टाकू नका. गळाचं टोक नखावर टेकवून पाहा. घसरलं तर बोथट आहे, कानशीने घासा. शेवटचे दोन फूट नायलॉन खरखरीत लागलं तर कापा, आणि गाठ नव्याने, ओली करून बांधा.